हॉप्सचा ठसा असलेली क्राफ्ट पिल्सनर कशी चाखावी

पिल्सनर ही दिसायला अगदी साधी बिअर आहे. फिकट सोनेरी रंग, वर पांढरा फेस आणि अल्कोहोलचे प्रमाण बहुधा साडेचार ते साडेपाच टक्के. त्यामुळे नवखा माणूस तिला ‘हलकी बिअर’ समजून झटपट संपवतो आणि पुढच्या वेळी काहीतरी गडद, दाट आणि नावाने भारदस्त वाटणारे मागवतो. ब्रुअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्याच्या, दृष्टीने मात्र ही बिअर फार अवघड असते, कारण करपवलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) चॉकलेटी वास, फळांची भर किंवा जास्त अल्कोहोलची ऊब यांपैकी कशाचाही आडोसा तिच्यात मिळत नाही आणि जे बिघडले ते थेट ग्लासात उतरते. क्राफ्ट ब्रुअरीने, म्हणजे छोट्या स्वतंत्र बिअर कारखान्याने, अशा बिअरमध्ये नेहमीपेक्षा सढळ हाताने हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले) वापरले, की काम आणखी नाजूक होते. हॉप्सना पेलणारा माल्टचा आधार येथे मुळातच सडपातळ असतो. माझ्या मते अशा पिल्सनरचा खरा निकाल घोट गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात लागतो. पुढे सांगितलेली सर्व तयारी ते अर्धे मिनिट नीट कळावे यासाठी आहे.

ग्लासात काय आहे, हे आधी जाणून घ्या

बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) प्लझेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी या बिअरची पहिली खेप तयार केली. त्याआधी शहरात मिळणारी बिअर इतकी बेभरवशाची होती, की १८३८ मध्ये नागरिकांनी पिंपेच्या पिंपे रस्त्यावर ओतून दिली आणि पुढे एकत्र येऊन स्वतःची ब्रुअरी उभारली. ग्रोलच्या बिअरमध्ये चार गोष्टी एकत्र आल्या होत्या: फिकट माल्ट, झाटेक परिसरातील ‘साझ’ जातीचे हॉप्स, क्षारांचे प्रमाण अत्यंत कमी असलेले तिथले मृदू पाणी आणि थंड तापमानाला सावकाश काम करणारे लागर यीस्ट (साखरेचे अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव; त्यापासून होणाऱ्या बिअरला लागर म्हणतात). आजही कोणत्याही पिल्सनरचा विचार करताना याच चार घटकांपासून सुरुवात करावी लागते.

जर्मनीत हीच बिअर अधिक कोरडी, अधिक फसफसणारी आणि शेवटाला अधिक धारदार कडवट झाली. चेक पिल्सनरमध्ये माल्टचा गोडवा थोडा शिल्लक राहतो. जर्मन पिल्सनरमध्ये यीस्ट जवळजवळ सगळी साखर संपवते. या लेखाचा विषय असलेली हॉप्सप्रधान पिल्सनर या दोन घराण्यांतून पुढे निघालेली आहे. इटलीत कोमोजवळच्या लुरागो मारिनोने येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘बिर्रिफिचिओ इटालिआनो’ या ब्रुअरीत अगोस्तिनो आरिओली यांनी ‘टिपोपिल्स’ ही पिल्सनर तयार केली आणि तिला इंग्लंडच्या कास्क एलमध्ये (पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक बिअरमध्ये) रूढ असलेले ड्राय हॉपिंगचे तंत्र लावले. या तंत्रात किण्वन झालेल्या, म्हणजे यीस्टने आंबवून झालेल्या, थंड बिअरमध्ये हॉप्स टाकून काही दिवस मुरू दिले जातात. कॅलिफोर्नियातील फायरस्टोन वॉकर ब्रुअरीची ‘पिव्हो’ ही पिल्सनर त्याच प्रेरणेतून आली. न्यूझीलंडच्या ब्रुअरांनी आपल्याकडचे मोटुएका, रिवाका आणि नेल्सन सोव्हिन यांसारखे फळांच्या वासाचे हॉप्स वापरून तिसरीच वाट काढली.

ब्रुअर हॉप्स कधी टाकतो, यावर ते बिअरला काय देतात हे ठरते, आणि चाखणाऱ्याला हे एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ आहे. हॉपच्या फुलात पिवळसर, चिकट लुपुलिन असते. त्यातील अल्फा आम्ले तासभर उकळल्यावर आपले रूप बदलतात आणि बिअरला कडवटपणा येतो. पण त्या उकळीत सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. उकळी संपता संपता टाकलेल्या हॉप्समधून चव जास्त आणि कडवटपणा कमी मिळतो, तर ड्राय हॉपिंगमधून प्रामुख्याने सुगंध उतरतो. म्हणजे वास, तोंडातली चव आणि गिळल्यावर राहणारा कडवटपणा या तिन्ही गोष्टी हॉप्सच्याच असल्या, तरी त्यांमागे तीन वेगळे निर्णय असतात. नवख्या माणसाने त्या वेगवेगळ्या ओळखायला शिकणे, हेच या चाखण्याचे मुख्य काम होय.

बाटली किंवा कॅन निवडताना

लेबलवर सर्वप्रथम भरल्याची तारीख शोधावी. हॉप्सचा सुगंध हा पिल्सनरमधला सर्वांत अल्पायुषी भाग आहे. साधारण तीन महिन्यांच्या आतली आणि तोवर थंड ठिकाणी ठेवलेली बिअर मिळाली, तर ब्रुअरच्या मनात काय होते ते कळते. उष्ण गोदामात पडून राहिलेली बिअर तारखेने ताजी असली तरी चवीने म्हातारी निघू शकते. केवळ ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ एवढेच छापलेले असेल, तर त्यावरून फारसा बोध होत नाही, कारण ती मुदत ब्रुअरीगणिक बदलते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. उकळीतून आलेले कडू घटक आणि बिअरमधील रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) यांच्यावर प्रकाश पडला, की गंधकयुक्त असे एक संयुग तयार होते, आणि त्याचा उग्र, जळक्या रबराकडे झुकणारा वास नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी काच थोडाच अडवते आणि पारदर्शक काच जवळजवळ अडवतच नाही. कॅनमध्ये तर प्रश्नच उद्भवत नाही. काही लोकांना हिरव्या बाटलीतल्या बिअरचा हा वास इतका परिचयाचा असतो, की तोच पिल्सनरचा अस्सल वास आहे असे ते मानून चालतात. खात्री करून घ्यायची असेल, तर एकाच बाटलीतली बिअर दोन ग्लासांत ओतून एक ग्लास कडक उन्हात दहा मिनिटे ठेवावा, दुसरा सावलीत झाकून ठेवावा आणि दोन्ही पुन्हा सारखे थंड करून मग नाकाशी धरावेत. हा वास पुस्तकातून शिकता येत नाही. एकदा असा शिकला की विसरताही येत नाही.

ग्लास आणि तापमान

उंच, वर किंचित रुंद होत जाणारा ग्लास उत्तम. वाइनचा मध्यम आकाराचा ग्लासही चालतो. आकारापेक्षा स्वच्छतेला महत्त्व अधिक आहे. सुगंध नसलेल्या साबणाने ग्लास धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, उपडा ठेवून हवेत वाळवावा. फडक्याने पुसल्यास धागे आणि फडक्याचा वास मागे राहतो. स्वच्छतेची परीक्षा सोपी आहे. धुतलेला ग्लास पाण्यात बुडवून बाहेर काढल्यावर पाण्याचा पातळ पडदा सर्वत्र सारखा उतरला, तर ग्लास स्वच्छ आहे. पाणी तुटून थेंब उभे राहिले, तर तिथे तेलकटपणा शिल्लक आहे. असा तेलकटपणा फेसाला मारतो, आणि मग दोष ग्लासाचा असताना बोल ब्रुअरला लागतो. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तरीही हाच अर्थ घ्यावा. फ्रीझरमध्ये ठेवून पांढरा झालेला ग्लास मात्र टाळावा. त्यावरचे हिम वितळून बिअरमध्ये पाणी मिसळते आणि अतिथंडपणाने नाक व जीभ दोन्ही बधिर होतात.

बिअर सहा ते आठ अंश सेल्सिअसला असावी. घरातल्या फ्रिजमधून ती साधारण चार अंशांना बाहेर येते; म्हणून पाच-सात मिनिटे थांबून मग ओतावी. एकावेळी शंभर ते दीडशे मिलिलीटर पुरते. चाखण्यापूर्वी अर्धा तास कॉफी, तिखट पदार्थ आणि तंबाखू टाळावेत, अंगाला अत्तर लावू नये आणि जवळ साधे पाणी ठेवावे. त्यानंतर वाहन चालवायचे असेल, तर हा बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा.

ओतणे आणि पाहणे

ग्लास आधी गार पाण्याने आतून ओला करून घ्यावा. तो साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका धरून बिअर कडेवरून सोडावी आणि अर्ध्यावर आल्यावर सरळ करून उरलेली मधोमध ओतावी, म्हणजे दोन-तीन बोटे फेस उभा राहील. फेस कमी यावा म्हणून शेवटपर्यंत कडेनेच ओतणारे लोक बरेच असतात. ही सवय येथे सोडावी. वर आलेल्या फेसाबरोबर सुगंध बाहेर पडतो, जादा कर्बवायू निघून जातो आणि घोट मऊ होतो. माल्टमधील प्रथिने आणि हॉप्समधील कडू घटक मिळून हा फेस बांधतात. त्यामुळे जास्त हॉप्सच्या पिल्सनरचा फेस दाट, पांढराशुभ्र आणि टिकाऊ असायला हवा. प्रत्येक घोटानंतर ग्लासाच्या आतल्या बाजूला फेसाची जाळीदार वलये उरत गेली, तर ग्लास आणि बिअर दोन्हींबद्दल ते चांगले लक्षण आहे.

रंगाकडे पाहण्यात फार वेळ घालवू नये. फिकट गवती पिवळ्यापासून गडद सोनेरीपर्यंत काहीही योग्य असू शकते. क्लासिक पिल्सनर काचेसारखी नितळ असते. ड्राय हॉपिंग केलेली आणि न गाळलेली बिअर किंचित धूसर असेल तर तो दोष धरू नये. गढूळ मात्र नसावी.

वास घेणे

या टप्प्यावर घाई केल्यास अर्धी बिअर हातची जाते. ओतल्याबरोबर ग्लास नाकाखालून एकदा सहज फिरवावा आणि पहिली जी जाणीव होईल ती लगेच टिपून ठेवावी, कारण सर्वांत चंचल वास पहिल्या काही क्षणांतच उडून जातात. त्यानंतर नाक ग्लासात नेऊन दोन-तीन आखूड हुंगण्या घ्याव्यात. लांब श्वास ओढल्याने वास अधिक कळतो हा समज बरोबर नाही. नाक त्याला लवकर सरावते आणि मग काहीच लागत नाही. असे झाल्यास आपल्याच मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्यावा, नाक पुन्हा ताळ्यावर येते. शेवटी ग्लासावर तळवा ठेवून बिअर हलकेच घोळवावी आणि तळवा काढताक्षणी पुन्हा हुंगावे.

शोधायचे काय, याचा क्रम ठरवून घेतला तर गोंधळ होत नाही. आधी हॉप्स बाजूला ठेवून माल्ट शोधावा: ताज्या पावाचा मऊ भाग, साधे बिस्किट, कच्चे धान्य, कधी मधाची पुसट छटा. हॉप्स जोरकस असल्याने माल्ट मागे असतो, पण असायलाच हवा. त्यानंतर हॉप्सकडे वळावे. साझ आणि तिच्या जवळच्या जर्मन जाती, म्हणजे टेटनांग आणि स्पाल्ट, यांच्यात रानफुले, वाळके गवत आणि मिरपुडीसारखा बारीक झणका येतो. जर्मनीतल्या हालेर्टाउ भागातल्या पारंपरिक जाती अधिक फुलांकडे झुकतात आणि साफीर या तुलनेने नव्या जर्मन जातीत लिंबूवर्गीय सालीचा वासही मिळतो. नेल्सन सोव्हिनमध्ये पांढऱ्या द्राक्षांचा वास इतका स्पष्ट असतो, की डोळे मिटून हुंगणाऱ्याला क्षणभर वाइन वाटावी. अमेरिकन जाती वापरलेल्या असतील, तर संत्र्याची साल आणि पाइनच्या राळेचा वास पुढे येईल. नेमके नाव सुचले नाही तरी बिघडत नाही. ‘फूल की फळ, ओले की वाळलेले, गोड की झणझणीत’ एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे सुरुवातीला पुरेशी आहेत.

नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा गंधकाचा हलका वास ओतताना आला, तर घाबरू नये. लागर यीस्ट तो निर्माण करते आणि चांगल्या बिअरमध्ये तो एक-दोन मिनिटांत निघून जातो. दहा मिनिटांनीही तो ठाण मांडून बसला असेल, तर बिअर थंड तळघरात पुरेशी मुरलेली नाही असे समजावे.

घोट आणि त्यानंतरचे अर्धे मिनिट

पहिला घोट फक्त तोंड तयार करण्यासाठी घ्यावा आणि त्यावरून कोणतेही मत बनवू नये. दुसरा घोट मध्यम घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरू द्यावा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू अशी वाटणी दाखवणारे चित्र अनेकांनी शाळेत पाहिलेले असते. ते चुकीचे आहे, जिभेचा जवळजवळ सगळा भाग सर्व चवी ओळखतो. त्यामुळे ‘कडू मागेच लागते म्हणून गिळा’ हे कारण टिकत नाही. तरीही बिअर गिळावी हे खरे, कारण कडवटपणा हळू चढतो आणि उशिरा उतरतो, आणि थुंकून टाकलेल्या घोटात त्याचा उत्तरार्ध सापडत नाही.

तोंडात असताना कर्बवायूची चुणचुण, मग माल्टची गोडसर बाजू आणि तिच्यावर चढत येणारे हॉप्स, असा क्रम लागतो. गिळल्याबरोबर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडावा. घशातून नाकात जाणाऱ्या या हवेबरोबर सुगंध दुसऱ्यांदा भेटतो, आणि तो ग्लासातून आलेल्या सुगंधाहून वेगळा असू शकतो. ग्लासात फुले आणि येथे मिरी, असेही होते. ड्राय हॉपिंगचा सुगंध केवळ वरवर लावल्यासारखा आहे की बिअरमध्ये मुरला आहे, हे या एका श्वासात कळते.

आता काहीही न करता थांबावे. लगेच पाणी नको, दुसरा घोट नको, शेजाऱ्याशी चर्चाही नको. कडवटपणा कुठे चढतो, किती वेळ टिकतो आणि कसा उतरतो, याकडे लक्ष द्यावे. उत्तम पिल्सनरमध्ये तो भरभर वर येतो, काही क्षण ठाम उभा राहतो आणि मग तोंड कोरडे, स्वच्छ ठेवून निघून जातो. त्या स्वच्छपणामुळेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. फसलेल्या पिल्सनरमध्ये तो जिभेच्या मागच्या भागाला चिकटून राहतो, औषधासारखा रेंगाळतो किंवा घशाला खरवडतो. हिरड्या आणि गाल आतून आवळल्यासारखे वाटले, तर तो कडवटपणा नसून तुरटपणा आहे. हॉप्सच्या पाल्यातून प्रमाणाबाहेर उतरलेली पॉलिफेनॉल्स (चहातही असणारी तुरट द्रव्ये), खूप दिवस ठेवलेले ड्राय हॉपिंग किंवा जास्त गरम पाण्याने धुतलेली धान्याची टरफले अशी त्याची कारणे असतात. हॉप्स भरपूर घातले म्हणजे बिअर तुरट होणारच, अशी सबब काही ठिकाणी ऐकू येते. ती मानू नये.

लेबलवरच्या आयबीयू या कडवटपणा मोजणाऱ्या आकड्याचाही येथेच विचार करावा. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू घटक. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या बिअर-परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत जर्मन पिल्ससाठी २२ ते ४० आणि उंची चेक फिकट लागरसाठी ३० ते ४५ अशी कक्षा दिलेली आहे. कागदावर चेक बिअर अधिक कडू ठरते, पण जिभेला पुष्कळदा उलट वाटते, कारण तिच्यात उरलेली माल्टची गोडी कडवटपणाला गोलाई देते. पाण्याचाही यात वाटा आहे: सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात कडवटपणाला धार येते आणि प्लझेनसारख्या मृदू पाण्यात ती बोथट होते. म्हणून आकडा आधी वाचू नये. आपला अंदाज लिहून झाल्यावर ताडून पाहावा.

दोष ओळखणे

पिल्सनरमध्ये वारंवार भेटणारे दोष थोडेच आहेत. उकडलेल्या मक्याचा वास फिकट माल्टमधून येतो आणि उकळी कमी पडली किंवा उकळलेला रस सावकाश थंड झाला की उरतो. लोण्याचा वास आणि जिभेवर निसरडेपणा हे किण्वनात तयार होणाऱ्या डायअॅसिटिल या संयुगाचे लक्षण. चेक परंपरेत तो अगदी थोडा खपवून घेतात, हॉप्सप्रधान बिअरमध्ये मात्र तो सुगंधावर तवंगासारखा पसरतो आणि मला तो तिथे अजिबात रुचत नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास यीस्टचे काम अपुरे राहिल्याचे सांगतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायू लागून बिअर शिळी झाल्याचा असतो, आणि त्याच्या आधी, कित्येकदा काही आठवडे आधी, हॉप्सचा सुगंध गुपचूप मावळलेला असतो. म्हणून ‘दोष नाही, पण वासही नाही’ अशी पिल्सनर समोर आली, तर भरल्याची तारीख पुन्हा पाहावी.

शेवटचा तिसरा हिस्सा ग्लासात तसाच ठेवून बिअर दहा-बारा अंशांपर्यंत येऊ द्यावी आणि मग चाखावी. थंडपणाने झाकलेले सगळे आता उघडे पडते: माल्ट पुढे येतो, लोणी किंवा मका असेल तर लपत नाही, कडवटपणाची खरी जात कळते. या तापमानालाही पिण्याजोगी राहणारी पिल्सनर विरळा.

तुलना करून शिकणे

एकटी बिअर चाखून ‘कडू आहे’ यापलीकडे जाणे कठीण असते. शेजारी दुसरी असली की भाषा आपोआप सुचते. तीन ग्लास घ्यावेत: मोठ्या कारखान्याची नेहमीची सौम्य लागर, चेक किंवा जर्मन घराण्यातली क्लासिक पिल्सनर आणि ड्राय हॉपिंग केलेली क्राफ्ट पिल्सनर. चाखण्याचा क्रम हाच ठेवावा. कडवटपणा घोटागणिक साचत जातो, त्यामुळे उलट क्रमाने गेल्यास सौम्य बिअर पाण्यासारखी लागते आणि तिच्यावर अन्याय होतो. मध्ये पाण्याचे दोन घोट आणि हवा असल्यास साध्या पावाचा तुकडा घ्यावा. खारट किंवा तेलकट काही नको.

थोडा सराव झाल्यावर त्रिकोणी चाचणी करून पाहावी. कुणाला तरी तीन सारखे ग्लास भरायला सांगावेत, त्यांपैकी दोनांत एकच बिअर आणि तिसऱ्यात निराळी, आणि आपण वेगळा ग्लास ओळखायचा. लेबल दिसत असताना आपण बिअरपेक्षा तिची ख्याती जास्त चाखत असतो, हे या चाचणीत लवकर ध्यानात येते.

प्रत्येक बिअरसाठी तारीख, तापमान, भरल्याची तारीख आणि पाच-सहा ओळी एवढी नोंद पुरते. नोंदीत ‘छान’, ‘मस्त’ असे शब्द लिहिण्याऐवजी कडवटपणा किती सेकंद राहिला, कुठे राहिला आणि मागे काय उरले, हे लिहावे. आवडलेली पिल्सनर दुसऱ्या खेपेतली, निराळ्या तारखेची मिळाली, तर जुनी नोंद न वाचता ती नव्याने चाखावी आणि नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. फरक सुगंधापुरताच असेल, तर तो बहुधा वयाचा असतो. कडवटपणाच्या शेवटातच फरक पडला असेल, तर ब्रुअरीने हॉप्सचे पीक, पाणी किंवा कृती यांपैकी काहीतरी बदलले असण्याची शक्यता अधिक.